मिस्त्रींचा मालदा

ऐकलंत का वैनी, लाद्या बसवायचा जो भाव मिस्त्री सांगतात, तोच भाव तो मालदाही सांगतो. रुपया इकडचा तिकडे नाही! आमच्या ह्यांनी मोठ्या हुशारीनं मिस्त्री घरी जेवायला गेल्याची वेळ साधली, मालदाला जिन्याखाली गाठलं, चहा पाजला आणि हळूच विचारलं, "तू एकट्यानं काम घेतलंस तर किती घेशील?" त्यानं चहा पूर्ण संपवला, कप विसळून ठेवला आणि म्हणाला, "काका, मिस्त्रीदादानी किती बोलला? तेवढाच." झालं! चहाही गेला आणि दुपारची झोपही गेली ह्यांची. वर संध्याकाळी मिस्त्री विचारतात कसे, "काय काका, आज चहा केला होता म्हणे?"

तुम्ही हसा. तुमचं बाथरूम गळायला लागेल तेव्हा कळेल. तुमच्या डोंबिवलीला बरं असतं, एका गल्लीत चार गवंडी आणि चौघांचं एकमेकांशी पटत नाही. आमच्या ठाण्याच्या टेंभी नाक्याला ही जोडी जमली आणि आमच्या खिशाला भोक पडलं.

नाही हो, मालदा हे त्याचं नाव नव्हे. त्याच्या जिल्ह्याचं नाव. बंगालातला मालदा, आंब्याचा. नाक्यावर अशीच हाक मारतात, कोणी बस्ती, कोणी कटिहार, कोणी लातूर. मुकादमाला तरी कुठे वेळ असतो नाव विचारायला. आता त्याचा स्वतःचा फोन लागला तरी तो "मालदा बोलतोय" असंच म्हणतो.

मिस्त्री तर तुम्ही बघितलेतच. ते पांढऱ्या टोपीवाले, उंच, खांद्यावर लेव्हलची पट्टी बंदुकीसारखी घेऊन जातात ते. इथलेच. म्हणजे तसं इथलं कोण आहे म्हणा! त्यांचे वडील जावळीचे, कोयनेच्या खोऱ्यातले. धरण झालं, शिवसागराचं पाणी चढलं आणि शेत, घर, मारुतीचं देऊळ, सगळं खाली गेलं. एकनाथ शिंदेसाहेबांचं दरे गाव त्याच पाण्याच्या काठी, हे मिस्त्री प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतात. तुम्हालाही सांगतील. वडील ठाण्याला आले ते वागळे इस्टेटमध्ये. 1962 साली एमआयडीसी निघाली, तिची पहिली वसाहत हीच. तेव्हा हाताला काम होतं. पुढे कंपन्या एकेक करत बंद पडल्या, वडिलांचीही गेली. मिस्त्री तेव्हा मिसरूड फुटलेलं पोर. कंपनीत लागायचं स्वप्न बाजूला ठेवलं आणि एका गुजराती कडियाच्या हाताखाली थापी धरली.

आणि हा मालदा. त्याचं गाव गंगेनं खाल्लं. अहो खरंच खाल्लं. तिकडे फराक्काचं धरण आहे ना, 1975 सालचं. त्याच्या वरच्या अंगाला नदी सरकत सरकत काठ कापत येते. मालद्याचं पंचानंदपूर म्हणे मोठं बाजाराचं गाव होतं, त्यातलं कितीतरी नदीत गेलं. ह्याच्या घरानं तीनदा जागा बदलली. चौथ्यांदा बापानं पोराला गाडीत बसवलं, म्हणाला, तू तरी पाण्यापासून लांब राहा. आणि आला कुठे, तर खाडीकाठी!

मिस्त्री आणि तो दुपारी भिंतीला पाठ टेकून बसले की ह्यावरून वाद घालतात. कोणाचं पाणी वाईट? मिस्त्री म्हणतात, "आमचं एकदाच चढलं ते चढलं, पुन्हा उतरायचं नाव नाही. वर 67 साली भूकंप." मालदा म्हणतो, "तुम्हाला नोटीस तरी आली. आमाला नोटीस कोण देणार? गंगा?" मग मिस्त्री गप्प. नोटीस आली होती हे खरंच. पुनर्वसनाचं अजून चाललंय हेही खरं. डॉ. भारत पाटणकरांच्या आंदोलनात मिस्त्री एकदा कोयनानगरला जाऊन बसले होते, चार दिवस आमचं संडासाचं काम अर्धं टाकून.

पण हेच मिस्त्री 2008 साली कसे होते, ते मी बघितलंय. तेव्हा परप्रांतीयांचं रान पेटलं होतं ना. हे टेंभी नाक्यावर उभे राहून सांगायचे, ह्या लोकांनी भाव पाडला, ह्यांना गाडीत बसवून द्या. चूक म्हणत नाही मी त्यांना. भाव पाडला होताच की! आणि आम्हीही पाडून घेत होतो. समोरच्या बिल्डिंगीत मिस्त्रींना डावलून अर्ध्या पैशात काम करून घेतलं होतं, ते काय त्यांना दिसत नव्हतं?

मालदा त्यांच्याकडे आला तो नंतर, बिगारी म्हणून. आधी घोडबंदरला टॉवरच्या साईटवर होता. तिथला मुकादम हजेऱ्या बुडवून पळाला. मग हा पहाटे नाक्यावर उभा राहायला लागला, घमेलं-फावडं घेऊन. मिस्त्रींचा नेहमीचा बिगारी गणपतीला गावी गेलेला, म्हणून ह्याला उचलला. चार दिवसांसाठी. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी त्याला डबा लांब बसून खायला लावला. धर्माचं काही नव्हतं हो. मोहरीचं तेल! त्या वासानं मिस्त्रींचं डोकं उठायचं. आमचंही उठायचं. आता मिस्त्री त्याच तेलातली वांग्याची भाजी चपातीला लावून खातात आणि मिस्त्रीणबाई घरी बोंबलतात की कपड्यांना वास येतो.

माझं म्हणाल तर माझी त्याच्याशी ओळख तांदळामुळे. तुम्हाला माहीतच आहे, माझं माहेर मालवणकडचं, आमच्याकडे उकड्याशिवाय पेज नाही. टाळेबंदीत, 2020 साली, तो राबोडीच्या खोलीत नऊ-दहा जणांबरोबर अडकला. काम बंद, पैसे संपले. शिवभोजन थाळी तेव्हा पाच रुपयांना केली होती, पण तिथपर्यंत जायला पोलीस सोडायला हवेत ना. मिस्त्री दर दोन-तीन दिवसांनी पिशवी घेऊन राबोडीच्या तोंडाशी जायचे. एकदा मला जिन्यात म्हणाले, "काकू, हा रेशनचा तांदूळ खात नाही नीट, म्हणतो पोट भरत नाही. ह्यांच्यात जाड तांदूळ लागतो, आधी उकडलेला." मी म्हटलं, अरे, मग तो माणूस आमच्यातलाच की! अर्धी गोण होती घरात, त्यातला दिला. तेव्हापासून तो मला "काकू, उकडा आहे?" असं विचारतो आणि मी त्याला गावाहून आणलेला देते. ह्यांना सांगू नका.

बंगालकडच्या गाड्या सुटायला मे महिना सरला. लोक तोवर नाशिकच्या रस्त्यानं चालत निघाले होते, खारेगाव टोलनाक्यापासून कसाऱ्यापर्यंत रांगा. ह्याच्या खोलीतले चौघे निघाले. हाही पिशवी भरून बसला होता. मिस्त्रींनी काय केलं असेल? समजूत घातली? छे! त्याची थापी काढून घेतली. नवी घेऊन दिली होती त्यांनीच, त्याला शिकवायला. म्हणाले, "जायचं तर जा, थापी ठेवून जा. पैसे माझे आहेत." तो म्हणे रात्रभर शिव्या घालत बसला आणि सकाळी गेला नाही. त्या चौघांपैकी दोघे कुठेतरी ट्रकमध्ये चढले, पोचले सुखरूप. म्हणजे तसा गेला असता तरी चाललं असतं. पण औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेली ती सोळा माणसं मालगाडीखाली गेली, 8 मेची पहाट, ती बातमी आली त्या दिवशी मिस्त्री आमच्या ओट्यावर बसून राहिले होते. चहाही घेतला नाही.

सरकारनं तेव्हा बांधकाम कामगारांच्या खात्यात दोन हजार रुपये टाकले होते. ह्या दोघांना दमडी नाही. का, तर नोंदणीच नाही! कल्याणकारी मंडळात नाव लागायला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला हवा. आता नाक्यावरचा माणूस, आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. नव्वद दिवसांचा दाखला कोण देणार, मी? आयुष्य बांधकामात गेलं आणि बांधकाम कामगार म्हणून कागद नाही. मालदाचं सोडा, मिस्त्रींचाही नव्हता. मग दोघे मिळून महिनाभर खेटे घालत होते. आधी मिस्त्रींचं झालं, मग ह्याचं. आणि ती भांड्यांची पेटी आली ना मोफत, तुम्ही ऐकलं असेल, विटेला हात न लावलेल्या बायकांनीसुद्धा पटकावली आमच्या चरईत. नावं घेत नाही. मिस्त्रीणबाईंना पेटी मिळाली, त्यांनी त्यातला कुकर मालदाच्या खोलीवर दिला. मालदाला पेटी मिळाली तेव्हा त्यानं ती अख्खी गावी पाठवली आणि कुकर मात्र परत मागायला आल्या तर दिला नाही. त्यावरून मिस्त्रीणबाई अजून बोलतात.

पण मला विचाराल ना, की ह्या दोघांचं खरं कधी जमलं, तर मी 2022 सांगेन. रोजे एप्रिलात आले होते त्या वर्षी. काय उन्हाळा तो! आमच्या गच्चीचं काम चाललेलं. हा सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता माल कालवतोय, तीन जिने चढवतोय. दुपारी दोनच्या सुमारास मी पापड बघायला वर गेले तर काय बघते, मालदा सावलीत बसून लाद्यांच्या फटी भरतोय आणि मिस्त्री डोक्यावर घमेलं घेऊन जिना चढतायत. वैनी, तुम्हाला वाटेल त्यात काय. अहो, मिस्त्री घमेलं उचलत नाही! जीव गेला तरी नाही. बिगारी नाही आला तर मिस्त्री काम बंद ठेवून बिडी ओढत बसतो, पण घमेल्याला हात लावत नाही, नाक्यावर इज्जत जाते. मिस्त्रींनी महिनाभर दुपारचा माल स्वतः वाहिला. मी विचारलं तर म्हणाले, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." कुठल्या डॉक्टरांनी? सिव्हिलच्या? कधी गेलेत हे सिव्हिलला!

आणि एवढं सगळं होऊन 2024 मध्ये मोडलं. ते तर तुम्हाला सांगायलाच हवं, कारण भावाची सगळी गोम तिथेच आहे.

मालदा तोवर हात बसवून शिकला होता. ओळंबा धरायचा, गुण्या लावायचा, लाद्या बसवायचा. पण हजेरी बिगाऱ्याची. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्यांनी हे हेरलं. मिस्त्री गावच्या जत्रेला गेले होते तेव्हा मालदाला गाठलं आणि बाथरूमचं काम दिलं, मिस्त्रींच्या निम्म्या भावात. त्यानंही घेतलं. बहिणीच्या लग्नाला पैसे जमवायचे होते. मिस्त्री परत आले, त्यांना कळलं, आणि ह्याच जिन्यात असा तमाशा झाला! "मी शिकवलं आणि माझंच गिऱ्हाईक फोडतोस?" तो म्हणाला, "शिकवला तर मिस्त्रीची हजेरी का नाय दिला?" दोघांचं खरं. मी दार किलकिलं करून ऐकत होते, सगळं ऐकलंय. पावसाळा अख्खा गेला, दोघे नाक्याच्या दोन टोकांना उभे राहायचे. हा जांभळी नाक्याकडे तोंड करून, ते कोर्टाकडे. गिऱ्हाइकांची चंगळ! ह्याला विचारायचं, त्याला विचारायचं, भाव खाली खाली. आमच्या ह्यांनी तेवढ्यात गॅलरी करून घेतली.

मग त्या बाथरूमनं घात केला. उतार उलटा! पाणी नाहणीकडे जायचं सोडून बेडरूममध्ये. दुसऱ्या मजल्यावरचे बोंबलत खाली आले, पैसे परत दे नाहीतर बघून घेतो. मालदा एकटाच रात्री फरशी उकरत बसला होता. नऊ-साडेनऊला ठक-ठक दुहेरी ऐकू यायला लागलं. मी बघायला गेले. मिस्त्री छिन्नी-हातोडी घेऊन दुसऱ्या कोपऱ्यातून फोडत होते. एक शब्द नाही दोघांत. पहाटेपर्यंत सगळं उकरलं, पाण्याची नळी लावून लेव्हल काढली, उतार दिला. सकाळी मिस्त्री दुसऱ्या मजल्यावरच्यांना म्हणाले, "काम झालं. आता पूर्ण भाव काढा." ते म्हणाले, निम्मा ठरला होता. मिस्त्री म्हणाले, "निम्म्या भावात उतार उलटाच येतो."

तेव्हापासून हा एक भाव. मालदाला मिस्त्रीची हजेरी, आणि बिगारी तिसराच, कटिहारचा. ज्याला विचाराल तो तेच सांगणार. लोक म्हणतात, परप्रांतीयानं मिस्त्रींना फितवलं. मला वाटतं, मिस्त्रींना हिशेब कळला. दोघे भांडत होते तेव्हा फायदा कोणाचा झाला, तो आमच्या गॅलरीत दिसतोच आहे.

2025 सालचं ते पोलीस स्टेशनचं ऐकलंत ना? जूनमध्ये पेपरात आलं होतं, मीरा रोडला काम करणारा मुर्शिदाबादचा गवंडी, त्याला बांगलादेशी समजून सीमेपलीकडे धाडला. मग बंगाल सरकारनं कागदपत्रं दाखवून परत आणला. त्यानंतर बंगाली बोलणाऱ्या सगळ्यांचीच चौकशी. मालदालाही बोलावणं आलं. मिस्त्री सोबत गेले, सकाळी गेले ते दिवे लागणीला आले. साहेबांनी विचारलं, तुम्ही कोण? म्हणाले, "मी ह्याचा मिस्त्री." आणि गंमत ऐका, जाताना स्वतःचेही कागद पिशवीत घालून नेले होते. कशाला विचाराल तर म्हणे, कोणी विचारलं तर असावेत. रात्री मिस्त्रीणबाईंनी बघितलं तर पिशवीत एक धरणग्रस्ताचा दाखला, तो वडिलांचा, आणि एक लाईट बिल. जन्माचा दाखला मिस्त्रींचाच नाही! मालदाच्या फाईलमध्ये मात्र शाळा, जमीन, मतदारयादी, सगळं प्लॅस्टिकमध्ये. त्याला सवय आहे हो कागद वाचवायची. नदी आली की आधी कागद उचलायचे, मग भांडी. कागद बघितले, सोडलं त्याला.

पुढे नोव्हेंबरात तिकडे मतदारयाद्यांची तपासणी निघाली, तेव्हा हा पुन्हा धावत गावी गेला. 2002 च्या यादीत बापाचं नाव दाखवायचं होतं. नाव सापडलं, मतदान केंद्राची शाळा मात्र नदीत!

आणि जानेवारीत मिस्त्री मालद्याला जाऊन आले. मालदाच्या बहिणीच्या लग्नाला. त्या बाजूला कसाऱ्यापलीकडे हा माणूस कधी गेला नव्हता. कल्याणहून गाडी, दोन रात्री. मिस्त्रीणबाईंनी धपाटे बांधून दिले, नऊवारी दिली मुलीसाठी, ती मुलगी नेसणार कशी हे कोणी विचारलं नाही. आल्यापासून मिस्त्री आंब्याच्या बागांचंच सांगतात. फजली आंबा एकेक किलोचा होतो म्हणे, पण जानेवारीत झाडाला मोहोरसुद्धा नीट नव्हता, म्हणजे सगळं ऐकीव. गंगेचा काठ मात्र बघून आले. म्हणाले, "काकू, ओल धरलेलं प्लास्टर कसं पोपडा धरून गळतं, तशी जमीन गळते."

पण त्यांचं लक्ष कुठे होतं सांगू? मालदाच्या घराच्या भिंतीवर. विटा तशाच उघड्या, प्लास्टर नाही. लग्नघर आणि विटा उघड्या! पाहुणा म्हणून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी लुंगी खोचून परांची बांधायला लागला. मालदाचा म्हातारा बाप घमेलं घेऊन उभा, मिस्त्री वर. लग्नाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत दर्शनी भिंत गुळगुळीत. नवऱ्याकडच्या लोकांनी आधी भिंत बघितली, मग नवरी, असं मालदा सांगतो.

आता ताजी बातमी. गेल्या आठवड्यात मालदाच्या भावानं फोनवर व्हिडिओ पाठवला. भिंतीला भेग! वरपासून खालपर्यंत, केसासारखी. मिस्त्रींनी बघितली आणि म्हणाले, "पाणीच मारलं नाही तुम्ही. सात दिवस मारायचं सांगून आलो होतो." मालदा म्हणाला, "पाणी मारला. माल कडक झाला होता, सिमेंट जादा." मिस्त्री म्हणाले, "तुमची गंगेची रेती म्हणजे नुसतं पीठ, तिला सिमेंट जादाच लागतं." गंगेला नावं ठेवल्यावर बिनसलं. सोमवारपासून दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. काम एकाच ठिकाणी, आमच्या स्वयंपाकघरात, आणि ओट्याच्या ह्या टोकाचा त्या टोकाशी शब्द नाही. मिस्त्री मला म्हणतात, "काकू, त्याला सांगा, ग्राऊट संपला." मी मागे वळून म्हणते, "अरे, ग्राऊट संपला." तो म्हणतो, "काकू, बोला त्यांना, पिशवीत दुसरा आहे." आमच्या ह्यांना वाटलं, हीच संधी. आज पुन्हा चहा घेऊन गेले होते जिन्याखाली, भाव विचारायला.

हो ना! तोच आकडा.